सहा इंचांच्या खाली

पहाटे 5:00

चहाचं आधण ठेवते आणि वाऱ्याचा अंदाज बघते. आज ताशी पाच-सहा मैल, म्हणजे काम होईल. सांता आना वारे सुटणार असले की आमचा दिवस रद्द. धूळ एका आवारातून दुसऱ्यात जाते आणि कुठली माती कोणाची, हेच सांगता येत नाही. शनिवारी पाऊस सांगितलाय. ओल्या मातीवर यंत्र आकडे कमी दाखवतं, म्हणून आधीचे सगळे दिवस भरगच्च.

वाळवंटाकडून डोंगर ओलांडून येणारे हेच कोरडे वारे 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी चवताळून सुटले होते. सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅन्यनमध्ये आग लागली आणि रात्रीतून लॉस एंजेलिसजवळच्या, डोंगरपायथ्याच्या अल्टाडेनात शिरली. 14,000 एकर, 9,400 हून जास्त इमारती, 19 जीव. बहुतेक माणसं लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला दगावली. घरं सोडा, हा आदेश तिकडे पोचेपर्यंत रात्रीचे तीन वाजून गेले होते. 31 जानेवारीला आग शंभर टक्के आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. आता त्याच वर्षाचा नोव्हेंबर चालू आहे आणि माझी रोजीरोटी अजून त्याच आगीवर आहे.

6:15

गोदाम. पर्यावरण-तपासणीच्या एका छोट्या कंपनीत मी माती आणि घरातली धूळ तपासते. गाडीत भरायच्या वस्तू ठरलेल्या: स्टीलची खुरपी, नायट्राइल हातमोज्यांचे खोके, डिस्टिल्ड वॉटर, ब्रश, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काचेच्या बरण्या, बर्फाची पेटी, छोटे रंगीत झेंडे आणि मोजपट्टी. पिस्तुलासारखं दिसणारं एक्सआरएफ यंत्र मी स्वतःच उचलते. ते मातीवर क्ष-किरण सोडतं आणि मिनिटभरात शिसं, आर्सेनिक, जस्त किती ते सांगतं. कामाला लागण्याआधी प्रमाणित मातीच्या डबीवर त्याची परीक्षा घ्यायची. डबीवर लिहिलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला, तर ते आज खरं बोलेल.

मग कागद. प्रत्येक नमुन्यामागे 'चेन ऑफ कस्टडी'चा फॉर्म असतो: माती कोणी काढली, कुठून, किती खोलीवरून, किती वाजता, मग कोणाच्या हातात दिली. पिशवी हातातून हातात जाते तशी सही होत जाते. सही चुकली तर प्रयोगशाळा नमुना घेत नाही. मूठभर मातीला एवढा मान का, असं माझा सोबती पहिल्यांदा म्हणाला होता. तो मूळचा एल साल्वाडोरचा. आमच्याकडे येण्याआधी मलबा उचलणाऱ्या टोळीत होता, त्यामुळे त्याचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याने ट्रकच्या ट्रक जाताना पाहिले होते.

7:30

लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेचं एक आवार. दोन्ही बाजूंना नव्या घरांचे लाकडी सांगाडे उभे राहिलेत. समोरच्या रिकाम्या जागेवर 'अल्टाडेना विकाऊ नाही' अशी पाटी आणि तिच्याच शेजारी इस्टेट एजंटची 'विकणे आहे' ही पाटी. आमच्या आवारात काहीच नाही. सपाट, पिवळट, भुसभुशीत माती, एका कोपऱ्यात जळून पुन्हा फुटलेलं संत्र्याचं झाड. मालक नवरा-बायको तिशीतले, तीन वर्षांची मुलगी कडेवर. त्यांना पाया खणायला परवानगी मिळाली आहे. त्याआधी तपासून घ्यायचंय.

त्याच दिवशी पॅलिसेड्समध्येही आग लागली होती. दोन्हीकडची सरकारी साफसफाई दोन टप्प्यांत झाली. आधी पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची माणसं 13,000 हून अधिक घरांतून रंगांचे डबे, गॅसच्या टाक्या, कीटकनाशकं आणि विजेवरच्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्या वेचून गेली. मग लष्कराच्या अभियंता दलाचे ठेकेदार आले. त्यांनी राख, भिंती, पाया सगळं उचललं आणि जिथे राख होती तिथली वरची सहा इंच माती खरवडून नेली. ऑगस्ट संपेपर्यंत दोन्ही आगींच्या मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास जागा साफ झाल्या, 25 लाख टनांहून अधिक मलबा हलला. एवढ्या वेगाने एवढं काम या देशातही क्वचित झालंय, हे मान्य करायलाच हवं.

राहिलं ते एकच. पूर्वी कॅलिफोर्नियात मोठी आग लागली की खरवडून झाल्यावर तळाची माती तपासत. 2018 च्या कॅम्प फायरमध्ये पॅराडाइज गाव जळलं, 85 माणसं गेली, 18,000 हून जास्त इमारती राख झाल्या. तिथे हे केलं होतं. काही आवारं पहिल्या खरवडणीनंतर नापास व्हायची, मग आणखी एक थर काढायचे, पुन्हा तपासायचे. या वेळी फेमाने, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, त्या तपासणीचे पैसे द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की सहा इंचांच्या खाली जे सापडेल ते बहुधा आगीच्या आधीचंच असणार, आणि जुनं प्रदूषण साफ करणं हे आपत्तीचं काम नव्हे. पुढे 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने स्वतः नमुने गोळा करून तपासले. साफ झालेल्या काही आवारांतही राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं निघालं.

8:15

आवाराचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातून पाच ठिकाणची माती एकत्र करायची. आधी वरची तीन इंच, मग त्याखालची तीन. प्रत्येक नमुन्यानंतर हातमोजे बदलायचे, खुरपी धुवायची. मुलगी झेंड्यांकडे झेपावते आणि आई तिला घट्ट धरून ठेवते.

घर जळतं तेव्हा नुसतं लाकूड जळत नाही. अल्टाडेनातली बहुतेक घरं पन्नास वर्षांहून जुनी होती. इथे घरांच्या रंगातलं शिसं 1978 साली बंद झालं, म्हणजे भिंतींवर नव्या रंगाखाली जुने थर होतेच. फरशीच्या टाइल्समध्ये आणि नळ्यांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस, पायऱ्यांच्या लाकडात वाळवी लागू नये म्हणून मुरवलेलं आर्सेनिक. शिवाय टीव्ही, फ्रीज, गाडीची बॅटरी. घर उभं असेपर्यंत हे सगळं आपापल्या जागी गप्प असतं. एका रात्रीत त्याची पूड होते, वाऱ्यावर बसून मैलोन्‌मैल जाते.

पुढच्या भागात यंत्र शिसं 34 दाखवतं, मग 41, मग 52. राज्याची मर्यादा दहा लाखांत 80 भाग. हा आकडा हवेतून आलेला नाही. अशा मातीत खेळणाऱ्या लहान मुलाच्या रक्तातलं शिसं एका डेसिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमने वाढू शकतं, या हिशोबावरून तो काढलाय. केंद्राची मर्यादा 200. म्हणजे एकच माती एका कायद्याने पास, दुसऱ्याने नापास होऊ शकते.

मागच्या कुंपणाशी 190.

"हे आगीचं आहे का?" नवरा विचारतो.

तिथे पूर्वी गॅरेज होतं. जुना रंग पोपडे धरून तिथेच गळला असेल. शिशाचं पेट्रोल चालायचं त्या काळातला धूर असेल, किंवा त्या रात्रीची राख. शिशाच्या कणावर तारीख नसते. पैसे कोणी द्यायचे, हे त्या तारखेवर ठरतं. मुलीच्या शरीराला तारीख काय करायची आहे? मी त्याला एवढंच सांगते, की यंत्राचा आकडा कच्चा असतो, पक्का प्रयोगशाळेतून येईल, तोवर मुलीला त्या कोपऱ्यात सोडू नका. "आणि बूट दाराबाहेर काढा." बायको मान हलवते. तिला दुसऱ्या वाक्याचा जास्त आधार वाटलेला दिसतो. ते तिच्या हातात आहे.

11:00

दुसरं घर अर्ध्या मैलावर, पूर्ण उभं. बाहेरून पाहिलं तर भाग्यवान. जळलेल्या घरांची निदान साफसफाई झाली. उभ्या घरांचा वाली कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. सरकारी मोहीम जळलेल्यांपुरती होती आणि विमा कंपन्या झाडलोटीचे पैसे देतात, तपासणीचं नाव काढलं की फाइल पुढे सरकत नाही. या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. विम्यावाल्याने दोन माणसं पाठवून भिंती पुसून घेतल्या आणि घर राहण्याजोगं असल्याचं पत्र दिलं. त्या पत्रासोबत एकही आकडा नव्हता.

आम्ही पांढरे सूट, मास्क चढवतो. जमिनीवर एक फूट बाय एक फूट चौकट चिकटवायची, ओल्या वाइपने आडवं पुसायचं, घडी घालून उभं, मग कोपरे, मग नळीत टाकून झाकण. खिडकीच्या कठड्यावरची धूळ वेगळी, खिडकीच्या खाचेतली वेगळी. नव्या केंद्रीय नियमांप्रमाणे जमिनीवर चौरस फुटामागे 5 मायक्रोग्रॅम आणि खिडकीच्या कठड्यावर 40 झालं की कारवाई करायची. डोळ्यांना पाच मायक्रोग्रॅम दिसत नाहीत. स्वच्छ दिसणाऱ्या जमिनीवरही ते असू शकतात आणि काळपट दिसणाऱ्या भिंतीवर नसूही शकतात.

बाई माझ्या मागे मागे फिरतात. गालिचा टाकू का? पियानो? नवऱ्याची पुस्तकं? पोटमाळ्यातलं इन्सुलेशन काढून टाका, हे मी ठामपणे सांगू शकते. गालिचाही. पुस्तकं पानापानाने फिल्टरच्या व्हॅक्यूमने साफ होतात, वेळ फार जातो. पियानोबद्दल मला माहीत नाही, आणि ते तसंच सांगते.

"मी इथे झोपू का?" हा प्रश्न दर वेळी येतो. माझ्याकडे तेरा नळ्या आहेत, उत्तर नाही. निकाल आठवड्याने. तोवर मुलीकडेच राहा, असं सुचवते. त्या हसतात, मुलीचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं.

1:00

सांता रोझा ॲव्हेन्यूवर गाडी लावून डबा. मी पोळी आणि मटकीची उसळ, सोबत्याकडे पुपुसा. निम्मं-निम्मं वाटून घेतो. या रस्त्याच्या दुतर्फा देवदार आहेत, आपल्या हिमालयातले. एकोणिसाव्या शतकात वुडबरी नावाच्या कुटुंबाने लावलेले. 1920 पासून नाताळला त्यांवर दिव्यांच्या माळा चढतात, म्हणून या रस्त्याला ख्रिसमस ट्री लेन म्हणतात. आजूबाजूला एवढं जळलं आणि ही झाडं वाचली.

सोबती मलब्याच्या दिवसांबद्दल बोलतो. ट्रकच्या हौद्यात आधी प्लॅस्टिक अंथरायचं, राख भरायची, पाणी मारायचं, वरून गुंडाळून चिकटपट्टी लावायची. लोखंड वेगळं, काँक्रीट वेगळं. काँक्रीट अल्टाडेनाच्याच गोल्फ कोर्सवर फोडून खडी करायला जायचं. राख आणि माती जायची सिमी व्हॅली, सनशाइन कॅन्यन, कॅलाबासस, लॅम्ब कॅन्यन इथल्या कचराभूमींवर. "तिथले लोक फलक घेऊन उभे असायचे," तो म्हणतो. खरंच होतं ते. कॅलाबासस आणि ग्रॅनाडा हिल्सच्या रहिवाशांनी निदर्शनं केली. त्याआधी बॅटऱ्या आणि घातक माल वेगळा करायला ईपीएने लॅरिओ पार्कची जागा घेतली, तेव्हा अझुसा-डुआर्टेची माणसं रस्त्यावर आली होती. आमच्या मुलांनी काय केलंय, हा त्यांचा प्रश्न. अल्टाडेनाच्या मुलांनी तरी काय केलं होतं, हे त्यांना कोणी विचारू शकलं असतं. दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि ट्रक तर कुठेतरी रिकामा करायलाच हवा होता.

2:30

प्रयोगशाळेची खिडकी. एकेक पिशवी, एकेक बरणी, फॉर्मवरच्या ओळीशी ताडून. मुलगा बर्फाच्या पेटीचं तापमान बघतो, वेळ लिहितो, सही करतो. मागच्या कुंपणाचा नमुना आता त्याच्या ताब्यात. तो माती वाळवेल, बारीक चाळणीने चाळेल, कारण मुलांच्या बोटांना चिकटतात ते बारीकच कण. मग आम्लात उकळून 17 धातू मोजेल.

3:30

ऑफिस. आधीच्या एका आवाराचा निकाल आलाय: शिसं 240, त्याखालच्या थरात 60. म्हणजे आणखी तीन इंच काढली की झालं. ऐकायला सोपं आहे. मालकाचा फोन: "मी स्वतः खणतो, भाड्याने ट्रक आणतो. टाकायचं कुठे?"

इथून खरी गोष्ट सुरू होते. शिसं किलोमागे 1,000 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर कॅलिफोर्नियात ती माती घातक कचरा. 240 म्हणजे तसं नाही. पण पन्नासच्या वर असल्यामुळे त्यातलं शिसं किती झिरपतं याची वेगळी चाचणी लागेल. ती नापास झाली तर साधी कचराभूमी माती घेणार नाही, आणि पास झाली तरी तिचं वर्णन लिहून आधी मंजुरी घ्यावी लागेल. हे सगळं ऐकून मालक काही वेळ गप्प राहतो. मग विचारतो, "सरकारचे ट्रक होते तेव्हा अजून तीन इंच का नाही नेली?" त्यांना कोणी तपासायला सांगितलं नव्हतं, हे त्याचं उत्तर. मी जरा मऊ शब्दांत देते.

5:45

पॅसाडेनात रहिवाशांची बैठक. आम्हाला आकडे समजावून सांगायला बोलावलंय. खुर्च्या भरलेल्या आहेत, मागे माणसं उभी. एक गृहस्थ विचारतात, दहा-वीस वर्षांनी काय? अशा वेळी मी अंदाज सांगत नाही, घडलेलं सांगते. 11 सप्टेंबर 2001 ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळून धुळीचे लोट उठले. त्यानंतर आठवडाभरात ईपीएच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी न्यूयॉर्कची हवा श्वास घेण्याजोगी असल्याचं जाहीर केलं होतं. मनोरे कोसळले त्या दिवशी शहराच्या अग्निशमन दलाने 343 माणसं गमावली. त्या धुळीच्या आजारांनी नंतर गेलेल्या जवानांचा आकडा आज त्याच्याही पुढे आहे. हे मोजता आलं, कारण दलाकडे जवानांच्या तब्येतीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी होत्या. अल्टाडेनाची राख त्या धुळीसारखी आहे, असं मी म्हणत नाही. नोंद ठेवा, एवढंच म्हणते. मुलांच्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्या आणि तो कागद फेकू नका. आवाराचा अहवालही जपा.

मागून एक बाई म्हणतात, अहवाल जपला तर घर विकताना दाखवावा लागेल. खोलीत कुजबुज होते. खरं भय हेच आहे, आणि ते खोटं नाही. न मोजलेली जमीन आज मोजलेल्या जमिनीपेक्षा जास्त भावाने जाऊ शकते.

7:30

आईचा फोन. इंदूरला दुसऱ्या दिवसाचे सकाळचे नऊ. रामबागेतल्या घरात तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी आणि वर्तमानपत्र.

"काय गं, जेवलीस का? ऐक, त्या राखेचं परत छापून आलंय."

राख म्हणजे भोपाळची. इकडे आग लागायच्या आठवडाभर आधी, 1 जानेवारीच्या रात्री, युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन विषारी कचरा बारा कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला निघाला होता. 1984 च्या डिसेंबरात त्या कारखान्यातून वायू सुटला आणि कचरा हलायला चाळीस वर्षं लागली, तीही हायकोर्टाने तंबी दिल्यावर. पीथमपूर इंदूरपासून तीसेक किलोमीटर. तिथे बंद पाळला गेला, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. इंदूरकरांना यशवंत सागरच्या पाण्याची धास्ती. जूनअखेर कचरा जाळून झाला. पण जाळताना चुना मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने जास्त भरली, आणि ती कुठे पुरायची यावर पुन्हा कोर्ट. भोपाळमध्ये कारखान्याखालची माती आणि पाणी तर या हिशोबात आलेलंच नाही.

"तू तर हेच काम करतेस. आता ती राख कुठे जाणार?"

"कुठेतरी पुरतील, आई. खाली प्लॅस्टिकचा थर घालून."

"आणि मग संपलं?"

"नाही. मग कोणीतरी तिथलं पाणी दर काही महिन्यांनी तपासत राहायचं."

"किती वर्षं?"

तिला कॅलाबाससच्या लोकांचं सांगते. अमेरिकेतही असंच करतात का, याचं तिला नवल वाटतं आणि थोडं समाधानही. मग विषय आत्याच्या गुडघ्यांकडे वळतो.

8:45

आजचा शेवटचा अहवाल. आईच्या 'किती वर्षं'ला माझ्या परीने मी इथे उत्तर देते.

आजोबांची वाईजवळ थोडी जमीन होती. तिचा सातबारा मी पाहिलाय. सोसायटीचं कर्ज काढलं की इतर हक्कांत बोजा चढायचा, फिटलं की कमी व्हायचा. मालक बदलला तरी बोजा कागदावर दिसायचा. जमीन घेणाऱ्याला आधीच्याने किती उचललंय ते कळावं, एवढी साधी सोय. शिशाचा, राखेचा, उरलेल्या विषाचा बोजा मी पाहिलेल्या जमिनीच्या कुठल्याही साध्या उताऱ्यावर असा सहज वाचता येत नाही. अल्टाडेनात जिथे सहा इंचांवर थांबले, तिथे तो त्या वेळी कोणी मोजलाच नाही. भोपाळमध्ये मोजला, पण कोणी स्वतःच्या नावावर चढवून घेतला नाही. असा बोजा उताऱ्यावर चढू लागला, तर बैठकीतल्या त्या बाईंची भीतीही कमी होईल: बोजा सगळ्यांच्याच उताऱ्यावर असला, तर प्रामाणिकपणाचा भुर्दंड एकट्याला पडत नाही.

आमच्या अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात निकालाचा तक्ता आणि दोन ओळींचा निष्कर्ष असतो. मी त्याखाली आणखी एक परिच्छेद घालते. तो कोणी मागितलेला नाही, वरिष्ठांना तो लांबण वाटतो, पण अजून कोणी काढायला लावलेला नाही. आज 240 वाल्या आवारासाठी तो असा लिहिला: 'या आवाराची वरची सहा इंच माती 2025 मध्ये सरकारी मोहिमेत काढून नेली. त्या वेळी तळाची तपासणी झाली नाही. नंतरच्या तपासणीत मागील भागात शिसं 240, त्याखालील थरात 60 आढळलं. हा थर काढल्यास तो किती होता, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कचराभूमीत गेला, याची पावती या अहवालाला जोडावी, आणि जागा विकताना अहवालासह पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.'